शांताबाई कुठं बसली?

बालाघाटच्या बुढी वार्डात बाबूलाल रामटेकेबद्दल दोन गोष्टी लहानथोरांना ठाऊक होत्या. एक म्हणजे, त्याच्या हाताखालून गेलेला अ‍ॅम्प्लिफायर वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. दुसरी म्हणजे, माणूस भलता अकडू. रस्त्यात मागून हाक मारा, मान वळवणार नाही. दुकानात डाव्या अंगाला उभं राहून जयभीम घाला, तो आपला मीटरमध्ये डोकं घालून बसलेला. लोक म्हणायचे, "मोठ्या लोकाइचे साउंड बनवते बाप्पा तो, आपल्यासंग काहून बोलंल?"

यातली पहिली गोष्ट पुष्कळशी खरी होती. दुसरी साफ खोटी. बाबूलालइतका गप्पिष्ट माणूस अख्ख्या वार्डात नव्हता. समोर बसून एकदा 'कसं का बाबूलालभाऊ' म्हटलं की चहा थंड होईपर्यंत सुटका नाही. भानगड वेगळीच होती. त्याच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं. कमी नव्हे, बिलकुल नाही. सत्ताविसाव्या वर्षी गालफुगी झाली, आठ दिवस तोंड भोपळ्यासारखं सुजलं, सूज उतरली आणि जाताना डावा कान घेऊन गेली. त्याला आता चौतीस वर्षं होऊन गेली होती आणि बाबूलालने ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. आईला नाही, डॉक्टरला नाही, बायको ललिताला तर नाहीच.

सांगणार कसा? धंदाच आवाजाचा. लंगड्या माणसाने टेलरिंग करावं, कोणी बोट दाखवत नाही; पण बहिऱ्या माइकवाल्याला सुपारी कोण देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, याने कान झाकला होता.

तेव्हा त्याची 'रामटेके साउंड सर्विस' होती. दोन भोंगे, एक अ‍ॅम्प्लिफायर, चार माइक आणि एक सायकल-रिक्षा. प्रबोधनाची गाणी, कव्वालीचे सामने, लांजीकडची नाटकं, लामत्याची लग्नं, सगळीकडे बाबूलाल. आणि त्याचं खरं नाव झालं ते ढोलकीमुळे. बाकीचे माइकवाले ढोलकीसमोर एक माइक ठेवून मोकळे व्हायचे. बाबूलाल दोन्ही तोंडांना दोन माइक लावायचा. त्यात एक मेख होती. थाप पडली की ढोलकीचं एक कातडं आत दबतं आणि त्याच वेळी दुसरं बाहेर फुगतं. दोन्ही माइक सारखेच जोडले तर एकाचा आवाज दुसरा खातो. म्हणून बाबूलाल एका माइकची वायर सरळ जोडायचा आणि दुसऱ्याची मुद्दाम उलटी, आणि त्या उलट्या वायरला ओळखण्यासाठी लाल पट्टी गुंडाळायचा. मग ढोलकी अशी घुमायची की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या मांड्या हलायच्या. गावोगावचे लोक गाणाऱ्या पार्ट्यांना सुपारी देताना अटच घालायचे, गायक कोणीही आणा, ढोलकी बाबूलालभाऊची पाहिजे. पंचवीस वर्षं त्याने वायरी जोडीनेच बनवल्या, एक सरळ, एक उलटी. हाताला ते इतकं बसलं होतं की सोल्डरिंग चालू असताना तोंडाने गप्पाही चालायच्या.

पुढे डीजे आले आणि त्याचे भोंगे माळ्यावर गेले. बाबूलाल घराच्या समोरच्या खोलीत दुरुस्तीला बसला. मुलगी आम्रपाली शिकून नागपूरला नर्स झाली. घरात उरले हा आणि ललिता. आणि मग चौदा महिन्यांपूर्वी वीरेंद्र आला.

वीरेंद्र हा लांजीच्या कटऱ्यांचा मुलगा. लहानपणी गावातल्या नाटकाला हा स्टेजकडे बघायचा सोडून बाबूलालच्या शेजारी बसून बटणं बघायचा. आता पुण्यात कॉम्प्युटरवर बसतो आणि पगार गाणी ऐकण्याच्या महागड्या यंत्रांत घालतो. तो म्हणाला, "काकाजी, मले एक प्रीअ‍ॅम्प बनवून द्या. बॅलन्स्ड. बाहेरचे भरपूर ऐकले, मन भरत नाही. घाई नाही, मनासारखा बनवा. तुमच्या ढोलकीसारखा आवाज पाहिजे."

प्रीअ‍ॅम्प म्हणजे गाणं वाजवणारं यंत्र आणि मोठा अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मधला माणूस. नाजूक आवाज घ्यायचा, कमी-जास्त करायचा आणि स्वतःचं एक अक्षर न मिसळता पुढे द्यायचा. दिसायला सोपं. पण मधल्या माणसाने स्वतःचं न मिसळणं किती अवघड असतं, हे ज्यांनी सोयरिकी जुळवल्या आहेत त्यांना विचारा.

आयुष्यभर दुसऱ्यांनी बनवलेलं दुरुस्त करणाऱ्या माणसाला एकसष्टाव्या वर्षी कोणीतरी म्हणालं होतं, तुझ्या मनासारखं बनव. बाबूलाल त्या रात्री धड झोपला नाही. सकाळी चहा घेता घेता त्याने ललिताला धडा दिला. ऐकायला घरात दुसरं होतं कोण?

"हे पाह्य ललिता. समज, म्या तुह्याकडं दोन मानसं पाठवले. निरोप एकच. पहिल्याले सांगतलं, जसा हाय तसा सांग. दुसऱ्याले सांगतलं, उलटा करून सांग. रस्त्यात चक्कीचा, मोटारीचा, जनरेटरचा कल्ला दोघाइच्याबी कानात सारखाच घुसला. आता ते तुह्यापाशी पोचले. तू का करशील? दुसऱ्याचं बोलनं सुलटं करशील अन् पहिल्यात मिळवशील. निरोप झाला दुप्पट. अन् कल्ला? एकाचा सरळ, एकाचा उलटा झाला. कटला! हेच बॅलन्स्ड."

ललिता तांदूळ निवडत होती. ती सातवी शिकलेली. पण प्रश्न असा विचारायची की शिकलेल्याने पेन खाली ठेवावं. "अन् दोघातला एक जरा मंद निंघाला तं?"

बाबूलाल बघतच राहिला. "तं कल्ला पुरा कटत नाई. म्हनून तं दोघं जुळे लागतेत. केसाचाबी फरक नाई चालत."

मग त्या घरात जुळे शोधण्याचा कारखाना सुरू झाला. नागपूरहून हजारांनी रेझिस्टर आले, म्हणजे वीज अडवणारे, रंगीत पट्ट्यांचे बारीक दाणे. सगळ्यांवर आकडा एकच, पण मीटरला लावले की प्रत्येकाचा चौथा आकडा वेगळा. अंड्यांचे ट्रे मांडले गेले. बाबूलाल मोजायचा आणि ललिता ज्याच्या-त्याच्या खळग्यात टाकायची. आठवड्याभरात ती मोजायला लागली आणि तो टाकायला लागला, कारण तिचा हात जास्त चालायचा. ट्रान्झिस्टरचं तर त्याहून नाजूक. चिमटीत धरला की बोटाची ऊब लागते आणि मीटरवरचा आकडा पळतो. म्हणून ललिताने बांबूच्या कामटीचा चिमटा केला. एकसारखे दोन सापडले की बाबूलाल त्यांना तोंडाला तोंड लावून चिकटवायचा आणि मलाजखंडच्या खाणीच्या भंगारातून आणलेल्या तांब्याच्या पट्टीने बांधायचा. एक तापला तर दुसऱ्यालाही तेवढाच ताप यावा, म्हणजे जोडी बिघडत नाही.

"झालं का लगन?" ललिता विचारायची.

"झालं. आता मरेपावतर सुटत नाई."

आवाज कमी-जास्त करायला बाजारातलं फिरतं बटण त्याने घेतलं नाही. त्यात आवाज बारीक केला की एक बाजू पुढे पळते आणि दुसरी मागे राहते. इथे तर डावं-उजवं आणि त्यांचं सरळ-उलटं अशा चार वाटा होत्या, चौघांनी एका पावलाने चालायला हवं. त्याने चोवीस घरांचा, म्हणजे चोवीस ठिकाणी थांबणारा, चार मजली स्विच आणला आणि प्रत्येक घरात निवडलेला दाणा बसवला. नुसत्या बटणाला दीड महिना गेला. वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर त्याने वेगळ्या डब्यात घातला आणि हातभर वायरने दूर ठेवला. "हे घूं घूं करनारं सासरचं मानूस," तो म्हणायचा, "लांबूनच बरं." आणि सगळ्या अर्थिंगच्या तारा एकाच जागी आणून बांधल्या, एका खुंट्याला सगळी दावी असतात तशा.

एप्रिल संपता संपता डबा उभा राहिला. बाबूलालने एक एक चॅनेल तपासला. एकत्र तपासता येत नव्हते, कारण आवाजाची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या त्याच्या स्कोपच्या दोन इनपुटांपैकी एक तीन वर्षांपासून मेलेलं होतं, आणि जगाचं दुरुस्त करणाऱ्याला घरचं दुरुस्त करायला वेळ कुठला! आधी उजवा चॅनेल, मग डावा. दोन्ही तारांना मुद्दाम एकच घूं दिला तर बाहेर काहीही येत नव्हतं. काहीही न येण्यासाठी चौदा महिने खपलेला माणूस किती खूश होतो, ते ललिताने त्या दिवशी पाहिलं. तो खोलीत नाचायचा तेवढा बाकी राहिला होता.

बाबूलालची एक रीत होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्राच्या झाकणाच्या आत तो पेन्सिलने नाव आणि तारीख लिहायचा. या झाकणात त्याने जागा कोरी ठेवली. आधी ऐकीन, मग लिहीन.

आणि ऐकायला बसला तेव्हा गाडं अडलं.

खोलीच्या दोन टोकांना दोन स्पीकर होते, मधल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. ऐकायला त्याने त्याचंच रेकॉर्डिंग लावलं, लामत्याच्या शांताबाईचं रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं गाणं. अकरा वर्षांपूर्वी तिच्या ओसरीत बसून एकाच माइकवर घेतलेलं. शांताबाई गाताना पालथ्या घागरीवर ठेका धरते, तो 'धुम्' असा जमिनीतून आल्यासारखा वाजतो. पण आता 'धुम्' वाजेना. 'ठप' वाजायला लागला. आवाज स्वच्छ, घूं नाही, खरखर नाही, पण खर्ज कोणी चोरून नेलेला.

बाबूलालने कपॅसिटर बदलले. स्पीकर सरकवले. छताच्या पत्र्याला दोष दिला. मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि ऐकायचं म्हणून कूलर बंद. ललिता सुपाने वारा घेत दारात बसायची. आठ दिवस हे चाललं. मीटर म्हणे सगळं बरोबर, घागर म्हणे ठप.

नवव्या दिवशी ललिता सहज बोलून गेली, "अजी, शांताबाई आज कुठं बसली?"

"का?"

"मले दिसतच नाई. मांगं जुन्या मशीनवर लावलं होतं तवा समोर बसून गाये. आता कधी या कोपऱ्यात, कधी त्या कोपऱ्यात. मधात कोनीच नाई. भिंतीतून गाते वाटते."

"मीटर बरोबर सांगून राह्यलं," बाबूलाल खेकसला. "तुले का समजते यातलं?"

हजार रेझिस्टर निवडून देणाऱ्या बाईला हा असं बोलला. पडलो तरी नाक वर, ही जात पुरुषांची. ललिता उठली. पदर खोचून आत गेली आणि भांडी अशी घासली की एका कानालासुद्धा पुरेसं ऐकू आलं.

बाबूलाल मात्र मनातून हादरला होता. ती काय म्हणते ते त्याला पुस्तकातून ठाऊक होतं. दोन कानांच्या माणसाला दोन स्पीकरच्या मधोमध गाणारा बसलेला दिसतो म्हणतात, अगदी बोट दाखवावं इतका नक्की. बाबूलालने हे चौतीस वर्षं नुसतं मानलं होतं, न पाहिलेलं गाव नकाशावर मानतो तसं. त्याच्यासाठी सगळं जग उजवीकडेच गायचं. तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं म्हणून जे बनवायला बसला होता, त्यातली मुख्य गोष्ट त्याला स्वतःला कधीच ऐकू येणार नव्हती. कोणाला तरी विचारावं लागणार होतं. आणि विचारलं की पुढचा प्रश्न आलाच, तुमाले आयकू येत नाई का?

तेवढ्यात वीरेंद्रचा फोन आला. "काकाजी, चुलतबहिणीचं लग्न आटोपलं. उद्या अकराला येतो. संध्याकाळी गोंदियाहून पुण्याची गाडी आहे. झाला ना तयार?"

"हौ, झाला," बाबूलाल म्हणाला, आणि फोन ठेवून डब्यासमोर येऊन बसला. द्यावा का तसाच? मीटर तर बरोबर सांगत होतं. पण पुण्यात नेऊन तो पोरगा ऐकेल, त्याला शांताबाई सापडणार नाही, आणि तो भला मुलगा तोंडाने काही न बोलता डबा कपाटावर ठेवून देईल. बाबूलालला ते चित्र सहन होईना. कानाची अब्रू राखायची तर हाताची जात होती.

दुपारी तीनच्या सुमाराला, बाहेर लू वाहत असताना, त्याने खोलीच्या मधोमध खुर्ची ठेवली, गाणं लावलं आणि हाक मारली.

"ललिता, ये ना जरा. बस इथं. मले सांग, शांताबाई कुठं हाय."

"मले काहून इचारता? मले का समजते यातलं?"

हे येणारच होतं. बाबूलालने गाणं बंद केलं. जमिनीकडे बघत, एखादी गोळी पाण्याशिवाय गिळावी तसं तो बोलून गेला. "मले डाव्या कानानं आयकू येत नाई. बिलकुल नाई. गालफुगी झालती ना, तवापासून."

ललिताने पदराने मान पुसली. "हौ. मालूम हाय मले."

"का मालूम हाय?"

"तुमचा डावा कान गेलेला हाय ते."

बाबूलालचं तोंड उघडं ते उघडंच. "कवापासून?"

"आम्रपाली सव्वा महिन्याची होती. डाव्या अंगाले निजवली का ती रडे अन् तुमी घोरून राह्यले. उजव्या अंगाले निजवली का चट्कन उठून बसले. दोनदा करून पाह्यलं म्या. मंग समजली."

"अन् बोल्ली काहून नाई?"

"तुमी लपवून राह्यले होते. म्हटलं, लपवू द्या. मानसाले लाज राखाले एखादी गोष्ट लागते."

बाबूलालला आता स्वतःची हुशारी तरी वाचवायची होती. "म्या तं कोनाले पत्ता लागू देल्ला नाई. बसमंदीसुद्धा तुले नेमकी उजव्या हाताले बसवत होतो मी."

ललिता इतकी हसली की सूप हातातून पडलं. "तुमी बसवत होते? डाव्या रांगेतल्या दोघाइच्या सीटवर धावत जाऊन रुमाल कोन टाकत होतं? खिडकीजवळ तुमाले कोन सरकवत होतं? तवा येत होते तुमी माह्या डाव्या हाताले. मले का खिडकी आवडत नाई, अजी? चौतीस साल झाले, तुमच्या डोक्याच्या पल्याडून वैनगंगा पाहून राह्यली मी."

"उजव्या रांगेत तं खिडकीबी तुले भेटली असती अन्..."

"तिकडं तिघं बसतेत. तिसरा मानूस तुमच्या डाव्या कानाशी बोलला असता तं? उत्तर कोन देल्लं असतं?"

बाबूलाल डावा कान चोळायला लागला.

"अन् वार्डात म्याच सांगून ठेवलं हाय, आमच्या मानसाले मांगून हाक मारलेली आवडत नाई म्हनून."

"म्हनून मले सारे अकडू म्हंतेत?"

"बहिरा म्हनन्यापरस अकडू बरा," ललिता म्हणाली आणि सूप उचलून वारा घ्यायला लागली.

बाबूलालला रडू आलं. साध्या सरळ माणसाला येतं तसं, आवाज न करता आणि भरपूर. पुसायला त्याने हाताला येईल ते फडकं घेतलं, ते सोल्डरिंगच्या राळेने चिकट झालेलं होतं, त्यामुळे डोळे आणखीच चुरचुरले. चौतीस वर्षं हा समजत होता की आपण एकटे एक ओझं वाहतो आहोत. ती बिनबोभाट दुसऱ्या टोकाला हात लावून चालत होती.

"आता लावता का गानं," ललिता म्हणाली, "का नुसतेच रडता?"

त्याने गाणं लावलं. तिने डोळे मिटले. "दोन्हीकडं हाय. मधात नाई."

दोन्हीकडे आहे आणि मधे नाही. बाबूलाल तसाच उभा राहिला. खर्ज चोरीला गेलेला. एकाचा आवाज दुसरा खातो. हे त्याने कुठेतरी आधी ऐकलेलं होतं, कुठेतरी काय, जन्मभर हेच तर केलं होतं! तो माळ्यावर चढला, भोंग्याखालची जुनी वायरींची गुंडाळी काढली, त्यातली लाल पट्टीची, ढोलकीची उलटी वायर उजव्या चॅनेलला लावली आणि गाणं पुन्हा सुरू केलं.

'धुम्.' घागर जमिनीतून वाजली. ती त्यालाही ऐकू आली.

"आली!" ललिता ओरडली. डोळे मिटलेलेच होते, आणि हात लांब करून तिने बोट दाखवलं, थेट तसबिरीच्या खाली. "आली पाह्य. तिथं बसली. मांडी घालून."

बाबूलाल त्या रिकाम्या भिंतीकडे कितीतरी वेळ बघत राहिला. त्याला तिथे काही दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. पण ललिताच्या बोटावर त्याचा विश्वास होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते न पाहिलेलं गाव कुठे आहे हे त्याला नक्की कळलं.

मग त्याने डब्याचे आठ स्क्रू काढले. मागच्या तीन पिनांच्या सॉकेटकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. डाव्या चॅनेलला सरळ तार दोन नंबरच्या पिनवर, उलटी तीनवर. उजव्याला बरोबर उलट. जोडी दिसली की एक सरळ आणि एक उलटी, हात आपले सवयीने करून मोकळे झाले होते. तोंडाने बहुतेक गप्पा चालू असतील. एकेका चॅनेलला तपासलं तर मीटरला यात काय चूक दिसणार? दोघंही आपापल्या जागी शहाणेच.

"अवं ललिता," तो पोट धरून हसायला लागला, "चौदा महिने खपून म्या ढोलकीच बनवली!"

दोन टाके काढले, दोन लावले. दहा मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी अकराला वीरेंद्र आला, हातात लग्नाच्या बुंदीचा पुडा. खुर्चीवर बसला. कूलर बंद झाला, शांताबाई सुरू झाली. पहिल्या कडव्यालाच त्याचा हात आपोआप वर गेला आणि तसबिरीखाली थांबला, काल ललिताचा थांबला होता तिथेच.

"काकाजी, ही बाई तर इथे बसलीये! हे कसं साधलं तुम्ही? काय कान आहे तुमचा!"

आता नुसतं हसून मान हलवली असती तर भागलं असतं. बाबूलालने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. ललिता चहाचे कप घेऊन उभी होती आणि नजरेने सांगत होती, राहू द्या.

"माहा नाई रे बेटा," बाबूलाल म्हणाला. "मले एकाच कानानं आयकू येते. डावा चौतीस सालापासून बंद हाय. बनवलं म्या. आयकलं तुह्या काकीनं. म्या तं उलटंच जोडलं होतं, तिनं पकडलं."

  इतकी वर्षं ज्या क्षणाला बाबूलाल भीत होता, तो हाच. वीरेंद्र उठला, बाबूलालच्या डाव्या हाताला होता तो वळसा घालून उजव्या हाताला आला, स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "मग काकीजी, आणखी एक लावू का? तुम्ही सांगा, बरोबर आहे का नाही."

निघायच्या आधी बाबूलालने झाकण पुन्हा उघडलं. आतल्या कोऱ्या जागेत उजवीकडे पेन्सिलने लिहिलं, बाबूलाल, बालाघाट. मग पेन्सिल ललिताकडे दिली. "डावी बाजू तुही."

"माहं अक्षर खराब हाय," ती म्हणाली, पण हात पुसून तिने आपलं नाव लिहिलं, ठळक आणि सावकाश.

पुढच्या रविवारी दोघं लामत्याला निघाले, शांताबाईला सांगायला की तिचं गाणं पुण्याला गेलं. बस लागली. ललिता सवयीने डाव्या रांगेकडे धावली, तोवर बाबूलालने एकसष्ट वर्षांचे गुडघे घेऊन उजव्या रांगेत रुमाल टाकलेला होता.

"सरक," तो म्हणाला, "खिडकीत."

"अजी, इथं तिघं बसतेत."

"बसू दे."

ती खिडकीत बसली, तो तिच्या डाव्या हाताला. आणि म्हणजेच ती त्याच्या चांगल्या कानाकडे. पुढच्या थांब्यावर तिसरा माणूस चढला, बाबूलालच्या डावीकडे टेकला आणि काहीतरी विचारू लागला. बाबूलालला ओठ हलताना दिसले. त्याने अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "भाऊ, तो कान बंद हाय. जरा वाकून इकडून बोला."

दोन-चार डोकी वळली आणि पुन्हा आपापल्या जागी गेली. काहीही झालं नाही. ललिताने ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती काचेला कपाळ टेकून बाहेर बघत होती, आणि अधूनमधून बाहेर काय दिसतंय ते त्याच्या उजव्या कानात सांगत होती.